कोनपिरा-सानला जायचंय? मग पायऱ्यांचं आधी ऐका

जपानच्या शिकोकू बेटावर, कागावा भागात डोंगरावर कोतोहिरा-गू हे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान आहे, तिकडची माणसं त्याला कोनपिरा-सान म्हणतात. देव खलाशांचा, पण बसलाय डोंगरावर, आणि मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या.

ओकायामाहून नानपू एक्सप्रेस पकडा, समुद्रावरचा मोठा पूल ओलांडून तासाभरात थेट कोतोहिरा. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्येच टाका. सुरुवातीला दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, तिथे बांबूची काठी मिळते ती घ्या, लाजू नका, चढताना नाही तर उतरताना तरी गुडघे तुमचे आभार मानतील.

३६५ व्या पायरीवर मोठा दरवाजा, ओमोन. त्याच्या आत पांढऱ्या मोठ्या छत्र्यांखाली पाच जणी खायची गोड गोळी विकत बसलेल्या दिसतील. देवस्थानाच्या आवारात धंदा करायची परवानगी फक्त या पाच घराण्यांना, तीही पिढ्यान्पिढ्या. पिवळी, पंख्यासारखी चपटी गोळी असते, सोबत इवलीशी हातोडी देतात, टकटक करून तुकडे करायचे आणि एक तोंडात टाकून पुढे निघायचं.

आता मेन गोष्ट. ६२८ व्या पायरीवर आसाही-शा हे देऊळ लागतं, १८३७ चं, कोरीवकामाने भरलेलं, इतकं भारी की लोकांना वाटतं हेच मुख्य देऊळ आणि तिथूनच मागे फिरतात! तुम्ही फिरू नका, पुढचा चढ खडा आहे पण थोडाच राहिलाय, आणि आसाही-शा उतरताना निवांत बघता येतं.

वर पोचलात की आधी हात धुवायचे, पळीने डावा मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ, पळी तोंडाला लावायची नाही. देवापुढे नाणं टाका, दोनदा वाका, दोन टाळ्या, मनात काय ते मागा, परत एकदा वाका. बाजूच्या कट्ट्यावरून सानुकीचं (कागावाचं जुनं नाव) सपाट मैदान दिसतं, आणि हवा स्वच्छ असली की शंकूसारखा सानुकी फुजी डोंगर पण. पिवळा ताईत इथेच मिळतो. शेजारच्या एमा-दोत, म्हणजे देवाला वाहिलेल्या चित्रांच्या मंडपात, जहाजांची चित्रं आणि फोटो टांगलेत, ते बघाच, समुद्रावर जाणाऱ्यांनी वाहिलेत.

आतल्या देवळाला अजून ५८३ पायऱ्या, एकूण १३६८. गर्दी कमी, झाडी दाट. पाणी आणि तासभर हाताशी असेल तरच जा. खाली येऊन उदोन (जाड गव्हाच्या नूडल्स) खायचा प्लॅन असेल तर घड्याळ बघा, तिकडची बरीच उदोनची दुकानं दुपारीच बंद होतात.