'हार्डली' कुठे आणि कसं वापरावं

सहकाऱ्याची शिफारस करताना कुणी 'ही हार्डली वर्क्स' असं लिहिलं, तर वाचणारा त्याला कामचुकार समजेल. 'तो फार मेहनत करतो' हे सांगायला 'ही वर्क्स हार्ड' एवढंच पुरतं. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली होतं म्हणून आपण हार्डलाही 'ली' जोडतो आणि तिथेच फसतो. हार्ड हे स्वतःच क्रियाविशेषण आहे: 'इट इज रेनिंग हार्ड', 'ट्राय हार्ड'. जुन्या इंग्रजीत 'हार्डली'चा अर्थ जोरानं, कठोरपणे असा होता. पुढे तो 'मुश्किलीनं' झाला आणि त्यातूनच 'जवळजवळ नाहीच' इथवर येऊन थांबला. म्हणून लिहिण्याआधी पहिलं काम: आपल्याला मेहनत सांगायची आहे की अभाव, हे ठरवा.

अभाव सांगायचा असेल, तर मनातलं मराठी वाक्य तपासा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'मी त्याला फारसं ओळखत नाही' असं मनात असेल, तर हातून 'आय डोन्ट हार्डली नो हिम' उतरतं. पण 'हार्डली'च्या पोटात 'नाही' आधीच आहे. आणखी एक 'नॉट' घातला की नकार दोनदा होतो. त्याऐवजी मराठी वाक्य 'जेमतेम' किंवा 'क्वचितच' घालून पुन्हा म्हणा: 'मी त्याला जेमतेम ओळखतो.' क्रियापद होकारार्थी झालं, आता इंग्रजीही नीट येतं: 'आय हार्डली नो हिम.' हा नकार शेपटी-प्रश्नातही, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या छोट्या प्रश्नातही (क्वेश्चन टॅग) दिसतो. 'ही हार्डली स्पीक्स' याच्यापुढे 'डझ ही?' येतं, 'डझन्ट ही?' नाही.

मग जागा. मुख्य क्रियापदाच्या आधी, पण कॅन, हॅज, इज यांच्यानंतर: 'शी हार्डली ईट्स', 'आय कॅन हार्डली हिअर यू'. वस्तू संपत आली असेल तर सोबत 'एनी' हवं: 'देअर इज हार्डली एनी मिल्क लेफ्ट'. इथे 'हार्डली नो मिल्क' किंवा 'हार्डली सम मिल्क' चालत नाही. याच घडणीचे 'हार्डली एनीवन' आणि 'हार्डली एव्हर' आहेत.

समानार्थी शब्द निवडताना थोडं थांबावं, कारण ते डोळे मिटून अदलाबदल करता येत नाहीत. 'बेअर्ली' म्हणजे जेमतेम का होईना, पण झालं. 'आय बेअर्ली पास्ड' म्हणणारा काठावर का होईना, पास झालेला असतो. तिथे 'हार्डली' बसत नाही. 'स्केअर्सली' अर्थानं 'हार्डली'च्या सर्वांत जवळ, पण जरा पुस्तकी. बोलताना जड वाटतो. 'रेअरली' आणि 'सेल्डम' फक्त 'किती वेळा' याचं उत्तर देतात. 'ही रेअरली कॉल्स' बरोबर, 'आय रेअरली नो हिम' चूक, कारण ओळख कमी-जास्त असते, ती अधूनमधून होत नाही.

आपल्या बोलण्यातलं 'हार्डली दहा मिनिटं लागतील' हे मात्र वेगळं प्रकरण. इथे अर्थ 'फार तर' असा आहे, अभावाचा नाही. भारतीय इंग्रजीतही हा वापर सर्रास ऐकू येतो. परदेशी ग्राहकाला ई-मेल करताना मात्र 'टेन मिनिट्स ॲट मोस्ट' लिहिलेलं बरं.

शेवटची पायरी लेखी भाषेची. 'आम्ही बसतो न बसतो तोच दिवे गेले' हे सांगताना 'हार्डली' वाक्याच्या सुरुवातीला आणलं, तर पुढचा क्रम प्रश्नासारखा उलटा होतो: 'हार्डली हॅड वी सॅट डाउन व्हेन द लाइट्स वेंट आउट'. 'हार्डली वी हॅड सॅट' ही चूक. दुसरी चूक जोडीची: शाळेत 'नो सूनर... दॅन' इतकं घोटलेलं असतं की 'हार्डली'नंतरही 'दॅन' येऊन पडतं. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांच्यासोबत 'व्हेन' लिहा. 'दॅन' फक्त 'नो सूनर'साठी ठेवा.