कुंडीतील वर्षायू, बहुवर्षायू वनस्पती आणि झुडपे: या चुका टाळा

फेब्रुवारी सरता सरता कोथिंबिरीच्या कुंडीत मधोमध एक उंच दांडा वर येतो, रुंद पानांऐवजी शेपूसारखी बारीक पाने फुटतात आणि थोड्याच दिवसांत पांढरी फुले दिसू लागतात. नवखा माणूस अशा वेळी खत आणि पाणी वाढवतो आणि तरीही रोप वाळले की आपल्या हाताला यश नाही असे समजतो. वास्तविक ही वनस्पती वर्षायू आहे. संस्कृतात फळ पिकताच जिचे आयुष्य संपते तिलाच ‘ओषधी’ म्हणतात आणि कोथिंबीर, मेथी, शेपू, सब्जा या साऱ्या त्या व्याख्येत बसतात. त्यांना जगवत ठेवण्याचा हट्ट सोडून दर 15 दिवसांनी मूठभर धणे रगडून, दोन फाकी करून पेरावेत. पेरणी थेट अंतिम कुंडीतच करावी, कारण सोटमूळ दुखावलेले रोप लवकर फुलावर येते. ठाण्याच्या दमट उन्हाळ्यात ती तशीही लवकर फुलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तिचा खरा हंगाम.

तुळस दिसायला सब्जासारखी असली तरी तिचे खोड लाकडी होत जाते आणि मंजिऱ्या वेळेवर खुडल्यास ती काही वर्षे टिकते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वेगवेगळ्या आयुष्याच्या वनस्पती एकाच कुंडीत लावणे. पुदिना, कोथिंबीर आणि रोझमेरी एकत्र लावलेली देखणी कुंडी मीही एकदा हौसेने विकत घेतली होती. पुदिना बहुवर्षायू असून जमिनीलगतच्या धावत्या खोडांनी पसरतो आणि त्याला सतत ओलावा लागतो. त्याने दोन महिन्यांत सगळी माती व्यापली. रोझमेरी हे भूमध्य सागराकाठचे झुडूप आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपल्याकडे नेमके उलटे. त्यामुळे जुलैच्या संततधारेत तिची मुळे कुजली. पुदिन्याला स्वतंत्र पसरट कुंडी द्यावी आणि दाटी झाली की त्याची वाटणी करून पुन्हा लावावा. रोझमेरीच्या मातीत निम्मी जाड वाळू मिसळावी आणि जून ते सप्टेंबर ती गॅलरीत पावसाचे झोत न पोचणाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. छाटताना पाने असलेला भागच कापावा, कारण तिच्या जुन्या उघड्या लाकडाला सहसा पालवी फुटत नाही.

कढीपत्त्याची गोष्ट वेगळी आहे. तो मुळात लहान वृक्ष असल्याने 6 इंची कुंडीत खुरटतो. हळूहळू 14 ते 16 इंची कुंडीपर्यंत न्यावा आणि शेंडा खुडून फांद्या फुटू द्याव्यात. हिवाळ्यात त्याची वाढ मंदावते, पाने पिवळी होऊन गळतात, आणि अनेकजण नेमके तेव्हाच पाणी वाढवून मुळे कुजवतात.

नावामुळेही घोटाळा होतो. गॅलरीत वाढणारा मांसल पानांचा पानओवा बहुवर्षायू असून छाटकलमाने सहज लागतो. मसाल्याच्या ओव्याचे रोप निराळे आणि वर्षायू असते.

वाळलेले झुडूप फेकण्यापूर्वी खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आतला थर हिरवा आणि ओलसर असेल, तर पाणी कमी करून काही आठवडे थांबावे. तपकिरी आणि कोरडा असेल, तर आणखी खाली, मातीलगत खरवडून मगच निर्णय घ्यावा.