अक्षरं बारीक दिसतायत? रिझोल्यूशनला हात लावायच्या आधी हे वाचा

बाबांनी एकदा लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाले, बघ रे, हल्ली सगळं धुरकट दिसतं, बहुतेक नवीन चष्मा करावा लागणार. बघितलं तर डोळे ठीक होते, स्क्रीनच १२८० बाय ७२० वर होती. अक्षरं बारीक वाटतात म्हणून त्यांनीच कधीतरी रिझोल्यूशन कमी केलं होतं आणि नंतर विसरून गेले होते. हे बरेच जण करतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

स्क्रीन म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची जाळी, एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात, आणि चित्र आडवे-उभे किती ठिपक्यांचं त्या आकड्याला रिझोल्यूशन. १९२० बाय १०८० म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. फोर के म्हणजे ३८४० बाय २१६०, याच्या बरोब्बर चौपट. आता मुद्दा असा की एलसीडी स्क्रीनचे हे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात, सेटिंग बदललं म्हणून ते मोठे होत नाहीत की कमी होत नाहीत. या ठरलेल्या आकड्याला नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणतात. जुन्या डबा मॉनिटरमध्ये असे ठरलेले ठिपके नव्हते, त्यामुळे तिथे रिझोल्यूशन कमी केलेलं फारसं खटकायचं नाही, आपली सवय तिथूनच आलेली.

बाबांच्या स्क्रीनचं नेटिव्ह होतं १९२० बाय १०८०. त्यावर १२८० बाय ७२० लावलं की एका ठिपक्याचं चित्र दीड ठिपक्यात बसवायचं, आणि अर्धा ठिपका तर पेटवता येत नाही, मग मशीन शेजारच्या ठिपक्यात रंग मिसळून कसंतरी भागवतं. 'म' ची शिरोरेषा जवळून बघा, काळ्या रेघेच्या कडेला करडी सावली दिसेल. 'चिंच' मधला अनुस्वार तर वेलांटीला चिकटून नुसता डाग होतो. इंग्रजीत एकवेळ चालून जातं, आपल्या लिपीत मात्रा-वेलांट्यांची गर्दी असल्याने जास्त त्रास होतो.

मग अक्षरं मोठी कशी करायची? तर स्केल वाढवून, म्हणजे अक्षरं-चित्रं किती टक्के मोठी दाखवायची ते सांगून. विंडोजमध्ये डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक करा, डिस्प्ले सेटिंग्ज उघडा, खाली स्केल आणि डिस्प्ले रिझोल्यूशन असे दोन पर्याय दिसतील. रिझोल्यूशनच्या यादीत ज्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलंय तेच निवडायचं आणि तिथून हात काढायचा. मग स्केल १२५ किंवा १५० टक्के करून बघा. यात ठिपके सगळेच वापरले जातात, फक्त एकेका अक्षराला जास्त ठिपके मिळतात, म्हणून ते मोठंही होतं आणि रेखीवही राहतं. काही जुने सॉफ्टवेअर स्केल वाढवल्यावर धूसर दिसतात, ती त्यांची खोड आहे, तेवढ्यासाठी बाकी सगळं बिघडवू नका.

रिझोल्यूशन बदललं की विंडोज विचारतं, हे ठेवू का. १५ सेकंदात उत्तर दिलं नाही तर आपोआप मागचं सेटिंग परत येतं. त्यामुळे स्क्रीन काळी झाली तर घाबरून भराभर बटणं दाबत सुटू नका, हाताची घडी घाला आणि १५ आकडे मोजा :)

मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज. तिथे आकड्यांऐवजी मोठी अक्षरं ते जास्त जागा असे पर्याय असतात, आवडेल ते घ्या.

रेकमेंडेड आकडाच यादीत दिसत नसेल तर शंका ड्रायव्हरवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घ्यायची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडून बघा, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं नाव असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाहीये, तो लॅपटॉप किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून टाका. विंडोज नव्याने टाकल्यावर हे होऊ शकतं.

गोल चेंडू अंड्यासारखा दिसत असेल तर ते रुंदी-उंचीच्या प्रमाणाचं लफडं. १०२४ बाय ७६८ हे चारास तीन प्रमाण, आजच्या बहुतेक स्क्रीन सोळास नऊ किंवा सोळास दहा, मग चित्र आडवं ताणलं जातं आणि फोटोतली माणसं उगाच जाड दिसतात.

टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि टास्कबार अर्धा कापला गेला तर लॅपटॉपशी खेळत बसू नका, टीव्ही ओव्हरस्कॅन करतोय, म्हणजे चित्र किंचित मोठं करून कडा बाहेर ढकलतोय, ते टीव्हीच्याच पिक्चर सेटिंगमध्ये बंद होतं. आणि फोर के लावल्यावर माउस अडखळत चालतोय असं वाटलं तर रिफ्रेश रेट बघा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवते तो हर्ट्झमधला आकडा. टीव्ही-मॉनिटर जोडायची जी एचडीएमआय जोडणी असते, तिच्या १.४ आवृत्तीवर फोर के ३० हर्ट्झलाच चालतं, ६० साठी किमान २.० लागतं, आणि ते दोन्हीकडच्या पोर्टला हवं, केबलही तेवढा वेग पेलणारी हवी.

राहिले गेमवाले. मशीन धापा टाकत असेल तर रिझोल्यूशन जरूर कमी करा, पण गेमच्या आतल्या सेटिंगमध्ये, डेस्कटॉपचं नाही. आणि फोर के स्क्रीन असेल तर अधलंमधलं काही न घेता थेट १९२० बाय १०८० घ्या, तिथे एका ठिपक्याला दोन बाय दोन असे पूर्ण चार ठिपके मिळतात, अर्ध्यामुर्ध्याचा प्रश्नच येत नाही.

बाबांचं रिझोल्यूशन परत १९२० बाय १०८० केलं, स्केल १५० वर ठेवलं. चष्मा जुनाच चालू आहे.