कल्पनेचं मूळ शोधायची ह्यूमची रीत

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 'ट्रीटिज' या आपल्या ग्रंथात (1739) मनात येणाऱ्या सगळ्याचे दोन गट केले: ठसे आणि कल्पना. चटका बसताना जाणवतो तो ठसा. उद्या तो आठवला की कल्पना. प्रत्येक साधी कल्पना ही एखाद्या साध्या ठशाची फिकी नक्कल, हा त्याचा नियम. तो हाताशी धरून कुठलाही भारदस्त शब्द तपासता येतो.

आधी शब्दामागची कल्पना फोडावी. थेट ठसा शोधायला गेलं की चुकतं, कारण नियम फक्त साध्या कल्पनांपुरता आहे. सोन्याचा डोंगर कुणीच पाहिलेला नसतो. सोनं पाहिलेलं असतं आणि डोंगरही. रंग, चव, ऊब असं जे पुढे फुटतच नाही, तिथपर्यंत उतरावं.

मग एकेक तुकडा कुठल्या ठशावरून आला ते पाहावं. इथे फक्त डोळे-कान धरून चालत नाही. राग, इच्छा, भीती हेही ठसेच. ते वगळले तर चांगल्या कल्पना उगाच बाद होतात.

आता 'कारण' घेऊ. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो, दुसरा सुटतो. दिसतं एवढंच की दोघे एकमेकांना लागले, आधी हा हलला, मग तो. 'त्याला हलावंच लागलं' ही सक्ती त्या एका टकरीत कितीही निरखली तरी दिसत नाही. म्हणून लगेच शब्द पोकळ ठरवू नये. तशाच टकरी पुन्हा पुन्हा पाहिल्याने चेंडूंत काही नवं येत नाही, मनात येतं: पहिला आदळताना दिसला की मन सवयीने दुसऱ्याच्या हालचालीकडे ओढलं जातं. ही जाणवणारी ओढ म्हणजेच सक्तीचा मूळ ठसा, असं ह्यूम म्हणतो. ठसा मिळाला, पण चेंडूंत नव्हे, बघणाऱ्यात. या रीतीचं खरं बळ इथे दिसतं.

ठसा आणि कल्पना वेगळ्या ओळखायची खूण म्हणजे ठळकपणा. तापात किंवा वेडात ती फसते, हे त्यानेच नोंदवलंय.

निळ्याच्या छटा क्रमाने लावल्या आणि कधीच न पाहिलेली एक गाळली, तरी मन ती भरून काढू शकतं, हेही तो मान्य करतो आणि अपवाद म्हणून सोडून देतो. ते पटत नाही. स्वरांच्या पट्टीतही हेच घडेल. तेव्हा ठसा मिळाला नाही तर कल्पना खोटी म्हणू नये. तिच्यावर संशय धरावा आणि ती वापरणाऱ्याकडे ठसा मागावा.