लहान मुलांच्या कानांचं काम करायचं असेल तर

बीएएसएलपीची, म्हणजे श्रवण आणि वाचा उपचारांच्या पदवीची, शेवटच्या वर्षाची मुलं हमखास विचारतात, "लहान मुलांमध्ये काम करू का?" जरूर करा. फक्त या कामातला कस कुठे लागतो ते आधी माहीत असू द्या. चाचण्या सरावाने हातात बसतात. मुलाच्या कानावर मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, टिकवणं मात्र घरच्यांना बरोबर घेतल्याशिवाय होत नाही, आणि त्यातच आपला सगळा कस लागतो.

कोर्सबद्दल थोडक्यात. बारावी सायन्सनंतर चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालयाचं कॉलेज, पुण्यात भारती विद्यापीठ, राज्याबाहेर म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था आयिश. कुठेही प्रवेश घ्या, पण तिथे लहान मुलांची ओपीडी किती चालते हे सीनियर मुलांना विचारून घ्या.

आता चाचण्या. बाळ काही सांगत नाही, म्हणून एकाच चाचणीवर कधीही निदान करायचं नाही. ओएई आतल्या कानातल्या केसपेशी तपासते. आवाज नसेतून पुढे मेंदूकडे जातो की नाही हे बेरा दाखवते. जन्मल्यावर कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं, अशा बाळाची ओएई छान येते आणि बेराचा आलेख सपाट येऊ शकतो. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. अशा बाळाला नुसत्या ओएईवर 'पास' लिहून घरी पाठवलं, तर त्याची मोलाची वर्षं वाया जातात.

बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं हवं. तालुक्याहून येणारी बाळं एसटीत मस्त झोपतात आणि आपल्या खोलीत टक्क जागी! म्हणून अपॉइंटमेंट देतानाच आईला सांगायचं: रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, गाडीत झोपू देऊ नका, दूध इथे आल्यावर पाजा. सहा महिन्यांच्या पुढे बाळ आवाजाकडे मान वळवायला शिकतं, तेव्हा दिवा लागणाऱ्या खेळण्याच्या मदतीने चाचणी होते. अडीच-तीन वर्षांचं मूल 'आवाज आला की ठोकळा डब्यात टाक' हा खेळ आवडीने खेळतं. इथे घाई केलीत की मूल कंटाळतं आणि आलेख खोटा येतो.

जन्मानंतर एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, हे आपलं उद्दिष्ट. आपल्याकडे मूल येतं ते बऱ्याचदा दोन-अडीच वर्षांचं होऊन. घरी मागे थाळी वाजवून पाहिलेली असते आणि ते वळलेलं असतं. कधी हादऱ्याने, कधी सावलीने, कधी तेवढा मोठा आवाज खरंच ऐकू आल्याने. 'याचे बाबाही उशिराच बोलले' हे आजीचं वाक्य तर ठरलेलं. तिला खोडून काढू नका. तिलाच खोलीत बसवा आणि चाचणी डोळ्यांनी बघू द्या.

मशीन दिल्यावर खरी सुरुवात होते. एका मुलाची आई सांगायची, "दिवसभर घालतो." मशीन संगणकाला जोडलं तर त्यातल्या नोंदीत रोजचे सरासरी दोन तास! ती नोंद मी तिच्यासमोर धरली नाही. नुसतं विचारलं, "काढावं कधी लागतं?" मग एकेक निघालं. मांडीवर घेतलं की शिट्टी वाजते, शेजारी विचारतात, लग्नकार्याला जाताना सासूबाई काढून ठेवतात. शिट्टीचा उपाय आपल्या हातात होता: बाळाचा कान वाढतो, मशीनचा कानात बसणारा साचा, म्हणजे मोल्ड, सैल होतो, तो बदलावा लागतो. बाकीसाठी पुढच्या वेळी सासूबाईंनाच बोलावलं. मुलाच्या मागे उभं राहून आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज काढायचे आणि ते वळतं का बघायचं, हे काम त्यांच्याकडे सोपवलं. तासांचा आकडा त्यानंतर वाढत गेला.

इंटर्नशिपमध्ये मुलांना बोलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या खोलीत भरपूर बसा. आपण केलेलं मशीनचं प्रोग्रॅमिंग कितपत जमलंय ते तिथेच कळतं. भारतीय सांकेतिक भाषा थोडी तरी शिका. काही मुलांची भाषा तीच असणार आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकऱ्या रुग्णालयांत, खासगी क्लिनिकमध्ये, विशेष शाळांत आणि जिल्ह्यातल्या डीईआयसी, म्हणजे लहान मुलांतले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रांत असतात.

आणि सरकारी योजना पाठ असू द्या. दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र, मिळतं, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना ते पाच वर्षांपर्यंतच. निदान सांगितल्यावर पालक सुन्न झालेले असतात, त्यामुळे त्यांना तोंडी सांगून भागत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, कुठल्या कार्यालयात जायचं, हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून त्याच दिवशी हातात द्या, आणि पुढच्या भेटीत सगळ्यात आधी त्याचीच चौकशी करा.