म्युझिक व्हिडिओत गाण्याचे शब्द नको, गाण्यातलं मन दिसू दे

गाण्यात पाऊस आला की पाऊस दाखवायचा, आठवण आली की जुना फोटो हातात देऊन खिडकीत बसवायचं, पहिल्यांदा व्हिडिओ करणारे जवळजवळ सगळे हेच करतात आणि मग शूटिंग एकदम व्यवस्थित होऊनही बघणाऱ्याला काहीच होत नाही. कारण शब्द कानाला ऐकू येतायतच ना, तेच परत डोळ्यांना कशाला सांगायचं? गाणं जे बोलत नाही पण ज्याच्यामुळे ते गाणं सुचलं, ते चित्रात आणायचं, बाकी कॅमेरा-लाइट-कपडे सगळं त्याच्या मागून येतं.

तर कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी गाणं डोळे मिटून ऐका, दोन-चारदा ऐका, आणि एकच वाक्य लिहा. नुसतं "दुःख" लिहून भागत नाही, त्यातून शॉट सुचत नाहीत. "ती गेली हे मला अजून पटत नाहीये" असं लिहा, मग लगेच प्रश्न पडायला लागतात, हा माणूस एका जागी थिजलाय की घरभर फिरतोय, बघणाऱ्याच्या डोळ्यात बघतोय की नजर चुकवतोय. थिजलेला असेल तर ट्रायपॉड लावा, एकच शॉट बराच वेळ चालू ठेवा, कट टाळा. बेचैन असेल तर कॅमेरा हातात घ्या आणि शटर स्पीड वाढवा, म्हणजे प्रत्येक चित्राला शटर उघडं राहायचा वेळ कमी करा. सेकंदाला २४ फ्रेम्स (चित्रं) घेताना तो साधारण १/५० सेकंद ठेवतात, तो १/२०० केला की हालचालीतला ब्लर जातो आणि सगळं तुटक, टोचल्यासारखं दिसायला लागतं.

बराच वेळ चालणाऱ्या शॉटमध्ये किती ताकद असते ते बघायचं असेल तर आयरिश गायिका सिनेड ओ'कॉनरचा १९९० चा 'नथिंग कम्पेअर्स टू यू' बघा. मधेमधे पॅरिसमध्ये चालतानाचे शॉट्स आहेत, पण मुख्य काय तर काळ्या बॅकग्राउंडवर फक्त चेहरा, आणि शेवटाकडे खरोखरचं पाणी येतं डोळ्यातून. काळे कपडे, बारीक कापलेले केस, मागे काही नाही, म्हणजे नजर दुसरीकडे जायला जागाच ठेवलेली नाही. ते अश्रू नंतर कोणालाही "आणता" आले नसते, कॅमेरा तिथे थांबलेला होता म्हणून ते मिळाले. आपण घाबरून चार सेकंदात कट मारतो आणि नेमकं तेच घालवतो.

आता वेळेशी खेळायची एक ट्रिक नीट सांगते, कारण ही फोनवर पण जमते आणि हिचा परिणाम मला फार आवडतो. तुम्ही असे व्हिडिओ पाहिले असतील ज्यात गायकाचे ओठ गाण्याशी बरोब्बर जुळतात पण केस, कपडे, धूर सगळं तरंगत असतं. ते असं करतात: गाण्याची दुप्पट स्पीडची फाइल बनवायची, सेटवर ती लावायची, गायकाने त्याच स्पीडला ओठ हलवायचे आणि कॅमेरा ४८ फ्रेम्सवर ठेवायचा. एडिटमध्ये सेकंदाला २४ फ्रेम्सच्या टाइमलाइनवर (जिथे शॉट्स ओळीने लावतात ती पट्टी) तो शॉट अर्ध्या स्पीडने चालवायचा आणि खाली मूळ गाणं टाकायचं. फोन ६० फ्रेम्स देत असेल तर टाइमलाइन ३० ची ठेवा, हिशोब तोच. फक्त गायकाला आधी भरपूर प्रॅक्टिस करू दे, दुप्पट स्पीडला शब्द अडखळतात, आणि घाईघाईत भुवया ताणल्या जातात ते स्लो झाल्यावर फार दिसतं. स्वप्न, धक्का, दारू, प्रेमात पडणं, जिथे माणूस आजूबाजूच्या जगापासून सुटलाय तिथे हे वापरा. सगळ्या गाण्याला लावलंत तर दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचं काही वाटेनासं होईल.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या 'द सायंटिस्ट'मध्ये अख्खा व्हिडिओ उलटा चालतो, त्यासाठी त्यांचा गायक ख्रिस मार्टिन गाणं उलटं म्हणायला शिकला होता. तिथे ती नुसती करामत वाटत नाही कारण गाण्यातल्या माणसाला परत सुरुवातीला जायचंय आणि चित्र तेच करतंय, अपघातापासून मागे मागे. तुमच्या ट्रिकला असं कारण सापडत नसेल तर ती सोडून द्या, कितीही भारी दिसत असली तरी.

लेन्सचं थोडक्यात, वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य घेणारी) घेऊन चेहऱ्याच्या अगदी जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं, अंगावर आल्यासारखं वाटतं, राग किंवा मस्तीला चालतं. लांबून ८५ मिमीच्या लेन्सने घेतलं की मागचं धूसर होतं आणि माणूस गर्दीतही एकटा दिसतो.

व्हिडिओत कलाकाराची ओळख दिसणं हा प्रकार मात्र लोक फार वरवर घेतात. जॅकेट, गॉगल, गाडी, मागे दहा डान्सर्स, हे कोणाचंही असू शकतं. कलाकाराशी बसून बोला, तो कुठल्या खोलीत गाणं लिहितो, घरातल्या बायका केस कसे बांधतात, कामावर जाताना काय घालतो, कोणासमोर गाताना लाजतो. अमेरिकन गायिका बियॉन्सेचा २०१६ चा 'फॉर्मेशन' मेलिना मात्सुकासने दिग्दर्शित केलाय, त्यात पुरात बुडणाऱ्या पोलीस गाडीवर बियॉन्से स्वतः आहे, आणि जुन्या धाटणीच्या भारी खोल्यांमध्ये कृष्णवर्णीय बायका मालकिणींसारख्या बसल्यात. कोणी भाषण देत नाही, पण अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर, तिथे कटरिना चक्रीवादळात आलेला पूर, गुलामीचा इतिहास सगळं कपडे, केस आणि जागा यांतूनच येतं. आणि ते नुसतं दाखवलेलं नाही, कोण कुठे बसलंय ते उलटं करून टाकलंय, ओळख ठसते ती तिथे. दुसऱ्याच्या समाजाचे दागिने-कपडे नुसते छान दिसतात म्हणून उचलू नका, ते लगेच कळतं आणि त्या लोकांना लागतंही.

एडिटला बसलात की प्रत्येक बीटवर कट मारायचा मोह आवरा. १२० बीपीएमचं (मिनिटाला १२० बीट्सचं) गाणं म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक बीट, २४ च्या टाइमलाइनवर १२ फ्रेम्स, इतक्यात चेहरा वाचून होत नाही. मी शक्यतो गायक श्वास घेतो तिथे कट करते, नाहीतर बीटच्या दोन-तीन फ्रेम्स आधी.

रंग सगळ्यात शेवटी. शूट करताना व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरा रंग कुठला धरतो ते सेटिंग) लॉक करा, नाहीतर एकाच खोलीत एक शॉट निळा एक पिवळा येतो. ५६०० केल्विनला (दिवसाच्या उजेडाचं सेटिंग) लॉक करून पिवळ्या बल्बखाली शूट केलंत की आपोआप ऊबदार नारिंगी येईल, हवं असेल तर तसंच राहू द्या. तयार फिल्टर टाकलात तर आधी त्वचेकडे बघा, सावळा माणूस राखाडी किंवा उगाच गोरा दिसत असेल तर फिल्टर काढा, ज्याची ओळख दाखवायला निघालो त्याचाच रंग बदलून चालणार नाही. आणि फायनल करायच्या आधी फोनवर, ब्राइटनेस कमी करून एकदा बघा, अंधारातले शॉट्स तिथे पार काळे पडतात.