सेकंड-हँड ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घेताना या चुका टाळा

वापरलेला ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) पाहायला गेलेला गिटारवादक बहुधा सर्वांत आधी ट्यूब किती जुन्या आहेत हे विचारतो आणि मिळालेल्या उत्तरावरच सौदा ठरवतो. ही सर्वांत सामान्य चूक आहे. ट्यूब हा झिजणारा, बदलता यावा म्हणूनच सॉकेटमध्ये बसवलेला भाग असतो. अ‍ॅम्पचा जीव असतो तो त्याच्या दोन ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे मुख्य पुरवठ्याच्या आणि आउटपुटच्या. त्यांपैकी एक जरी जळलेला निघाला, तरी स्वस्तात मिळालेला अ‍ॅम्प महागात पडतो. म्हणून ट्यूबचा खर्च किंमत ठरवताना मोजावा, पण घ्यायचे की नाही हे ट्रान्सफॉर्मर पाहून ठरवावे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर बिघडण्याचे एक मोठे कारण म्हणजे स्पीकर न जोडता अ‍ॅम्प वाजवणे. लोड नसताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी बाजूला व्होल्टेजचे मोठे झटके बसतात आणि वेटोळ्यांमधील इन्सुलेशन फाटू शकते. त्यामुळे विक्रेत्याकडे फक्त हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) असेल आणि ‘दिवा लागतो, म्हणजे चालू आहे’ असे तो सांगत असेल, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. आपला स्पीकर कॅबिनेट सोबत न्यावा, त्याचे 4, 8 किंवा 16 ओहम हे मूल्य अ‍ॅम्पच्या मागील जॅकशी किंवा स्विचशी जुळवावे आणि मगच अ‍ॅम्प चालू करावा.

दुसरी चूक घाईची. पाच मिनिटे वाजवून, आवाज आवडला म्हणून पैसे देणारे अनेक असतात. प्रत्यक्षात थकलेले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग), सैल झालेले सोल्डर आणि कमकुवत ट्रान्सफॉर्मर यांचे दोष बऱ्याचदा अ‍ॅम्प पुरता तापल्यावरच उघड होतात. किमान अर्धा तास अ‍ॅम्प चालू ठेवावा आणि त्यातील काही वेळ तरी तो मोठ्या आवाजात वाजवावा. या काळात आवाज हळूहळू खचतो का, जळका वास येतो का, याकडे लक्ष द्यावे. आउटपुट ट्यूबमधील, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या ट्यूबमधील, धातूची प्लेट लाल होऊ लागली, तर अ‍ॅम्प लगेच बंद करावा. दोष बायसचा (ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणाऱ्या जुळणीचा) असू शकतो किंवा ट्यूबचा, पण तसाच चालू ठेवल्यास नुकसान ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचते. याउलट, काचेच्या आतील बाजूस दिसणारी फिकट निळसर झाक पाहून चांगला अ‍ॅम्प नाकारणारेही भेटतात. ती झाक बहुतेक वेळा निरुपद्रवी असते.

आवाजांचा अर्थ लावणे हे सर्वांत उपयोगी कौशल्य आहे, आणि ते शिकता येते. सर्व व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जाड घुंघुं ऐकू येत असेल, तर संशय प्रथम फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे वीजपुरवठ्यातील चढउतार सपाट करणाऱ्या कपॅसिटरवर, घ्यावा. हे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर साधारण 15 ते 20 वर्षांत थकतात, म्हणून तेवढ्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये ते बदलल्याचा पुरावा नसेल, तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. व्हॉल्यूम कमी केल्यावर घुंघुं कमी होत असेल, तर दोष त्या नॉबच्या आधीच्या भागात आहे. नॉब फिरवताना होणारी खरखर बहुधा धुळीची असते आणि क्लीनरने जाते. ती सफाईनंतरही राहिली, तर गळक्या कपलिंग कपॅसिटरमुळे (एका टप्प्याचा संकेत पुढे देताना डीसी अडवणाऱ्या भागामुळे) नॉबवर डीसी व्होल्टेज येत असण्याची शक्यता असते. प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर (गिटारचा क्षीण संकेत आधी वाढवणाऱ्या छोट्या ट्यूबवर) पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टणत्कार आला, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, म्हणजे धक्क्यांचाही आवाज पकडू लागली आहे, असे समजावे. ही दुरुस्ती सर्वांत सोपी, फक्त ती ट्यूब बदलायची.

फ्यूज काढून पाहायला कोणी विसरू नये. मागील पट्टीवर छापलेल्या मूल्यापेक्षा मोठा फ्यूज आढळला, तर कोणीतरी वारंवार उडणाऱ्या फ्यूजचे कारण न शोधता तो गप्प केला आहे, असे मी समजतो आणि तो अ‍ॅम्प सोडून देतो. त्याचप्रमाणे मागील बाजूचे व्होल्टेज वाचावे, कारण 120 व्होल्टसाठीचा अ‍ॅम्प थेट 230 व्होल्टवर लावणे म्हणजे तो जाळणे होय. दोन पिनांचा जुना प्लग असेल, तर अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवून घ्यावी. त्याने अ‍ॅम्पचे मोल कमी होत नाही. मात्र आत डोकावण्यासाठी चॅसिस स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात आणि ते जीवघेणे ठरतात. हे काम अनुभवी तंत्रज्ञाचे आहे.

वॅटचा मोहही आवरावा. फेंडर ट्विन रिव्हर्ब सुमारे 85 वॅटचा आणि डिलक्स रिव्हर्ब 22 वॅटचा, म्हणजे शक्ती जवळजवळ चौपट. परंतु केवळ वॅटमुळे पडणारा फरक सुमारे 6 डेसिबल असतो आणि कानाला आवाज दुप्पट भासायला साधारण 10 डेसिबल लागतात. मोठ्या अ‍ॅम्पमधून मिळतो तो मुख्यतः अधिक काळ स्वच्छ राहणारा आवाज, आणि त्यासोबत दोनऐवजी चार आउटपुट ट्यूबचा खर्च व बरेच जास्त वजन पदरी पडते. घरात वाजवणाऱ्याला असा अ‍ॅम्प त्याच्या रंगात येईल इतका मोठा करताच येत नाही.